प्लेट वीसची, खुर्ची शंभराची

बुलढाणा जिल्ह्यात ‘हॉटेल’ हा शब्द मोठ्या मनाचा आहे. एसटी स्टँडसमोर चार पत्रे टाकून कढई चढवली की ते हॉटेल, आणि शेगावात लिफ्ट, एसी नि गणवेशातले वेटर असलेली तीन मजली इमारत, तेही हॉटेलच. नावावरून दराचा पत्ता लागत नाही, तो मेनूकार्ड हातात आल्यावरच लागतो. मेहकरच्या किंवा चिखलीच्या चौकात वीस-पंचवीस रुपयांना मिळणारी पोह्यांची प्लेट हमरस्त्यावरच्या काचेच्या दारामागे शंभर-सव्वाशेच्या घरात जाते. मुंबईतल्या तारांकित हॉटेलात तर सकाळच्या बुफेला माणशी हजाराच्या पुढे मोजावे लागतात. पोहे तेच, कांदा तोच, फोडणीही तीच. मग वरच्या पैशांत नेमकं काय पदरात पडतं? ‘ही शुद्ध लूट आहे’ म्हणणारा एक आणि ‘स्वच्छतेचे पैसे पडतातच’ म्हणणारा दुसरा, असे दोन पक्ष प्रत्येक घरात असतात आणि प्रवासात बहुधा एकाच गाडीत बसलेले असतात. दोघांचंही थोडं थोडं चुकतं. बिल एक असलं तरी त्यात विकत घेतलेल्या वस्तू दोन असतात, प्लेट आणि खुर्ची. त्यांचा हिशेब वेगवेगळा केला तर उत्तर बरंच सोपं होतं.

आधी प्लेटचा हिशेब करू. किलोभर जाडे पोहे पन्नास-साठ रुपयांना येतात आणि ठेल्याच्या मापाने त्यात चौदा-पंधरा प्लेटा निघतात. म्हणजे एका प्लेटमागे पोह्यांचे चार रुपये. तेल, शेंगदाणे, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि गॅस हे सगळं हात सैल सोडून धरलं तरी प्लेट दहा-बारा रुपयांच्या वर जात नाही. नाश्त्याच्या बहुतेक पदार्थांचं असंच आहे. रवा, बेसन, मैदा, बटाटा, उडदा-मुगाची डाळ, म्हणजे किराणा दुकानातल्या साध्यातल्या साध्या पोत्यांतून आपली सकाळ निघते. रात्रीच्या जेवणात मटण असतं, पनीर असतं, काजूची ग्रेव्ही असते, तिथे दराला काहीतरी आधार सापडतो. सकाळी तो सापडत नाही. शिजवलेल्या अन्नाचा खर्च किती, याचा एक सरकारी हिशेबही आपल्यासमोर आहे. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू झाली तेव्हा दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात अशा थाळीची किंमत शासनाने शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली होती. खाणाऱ्याने १० रुपये द्यायचे, उरलेलं अनुदान. त्यानंतर महागाई वाढली हे खरं, पण ती अख्ख्या जेवणाची किंमत होती, मूठभर पोह्यांची नव्हे. हॉटेल व्यवसायात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या तीस टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. सव्वाशेच्या पोह्यांत तो दहा टक्क्यांवर उतरतो. मालाची किंमत आणि बिलाचा आकडा यांच्यातली दरी दिवसभरात सर्वांत रुंद कधी असते, तर ती सकाळी.

यावर कोणी म्हणेल, मालाचं सोडा, हाताला काही किंमत आहे की नाही? आहे, आणि भरपूर आहे. पण नाश्त्याच्या बाबतीत तो हात कुठे सापडतो, हे पाहायला हवं. त्यासाठी जिल्ह्यातल्या सर्वांत प्रसिद्ध पदार्थाकडे जाऊ. शेगावची कचोरी १९५० च्या सुमारास सुरू झाली. पंजाबातून येऊन शेगावात स्थिरावलेल्या तीरथराम शर्मा यांच्याकडे तिचं श्रेय जातं, आणि ती मोठी झाली ती रेल्वे स्टेशनवर. मुंबई-नागपूर मार्गावरच्या गाड्या इथे मिनिट-दोन मिनिटं थांबतात. तेवढ्यात प्रवाशाने खिडकीतून हात बाहेर काढायचा, पैसे द्यायचे आणि पुडा आत ओढायचा. त्या दोन मिनिटांनी कचोरीला घडवलं आहे. ती हातात मावते, तिला चमचा लागत नाही, सांडेल असं पातळ काही सोबत नसतं, असते ती फक्त मीठ लावलेली तळलेली हिरवी मिरची. मैद्याची पारी, आत मूगडाळीचं तिखट सारण, आणि मंद आचेवर धीराने तळणं. आच मोठी केली तर कचोरी वरून लाल आणि आतून कच्ची निघते. तासभर पडून राहिली की पारी चिवट होते. तेव्हा कचोरीचा खरा मसाला कोणता असं विचारलं तर मी म्हणेन, घाणा. एक घाणा निघाला की तो संपतो, संपतो म्हणून दुसरा पडतो, आणि हे पहाटेपासून चालू राहतं. जो माणूस दिवसात एकच पदार्थ शेकड्यांनी करतो त्याचा हात बसतो, आणि जिथे माल थांबतच नाही तिथे तो शिळा व्हायला उसंत मिळत नाही.

नाश्त्याच्या सगळ्याच पदार्थांना हे लागू पडतं. आलुबोंडा, मिरचीभजी, पोहे, जिलेबी, डोसा यांची गोडी कढईतून किंवा तव्यावरून उतरल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत असते. आता महागड्या हॉटेलातली सकाळ पाहा. सात ते साडेदहा नाश्त्याची वेळ, गिऱ्हाईक तुरळक, आणि मेनूकार्डावर इडलीपासून आलू पराठ्यापर्यंत आणि ऑम्लेटपासून कॉर्नफ्लेक्सपर्यंत तीस पदार्थ. प्रत्येक पदार्थाच्या वाट्याला दिवसाचे पाच-सहा खाणारे. अशा ठिकाणी पीठ फ्रिजमध्ये राहतं, चटणी कालची असू शकते, बोंडा अर्धा तळून ठेवलेला असतो आणि ऑर्डर आली की दुसऱ्यांदा तेलात जातो. बुफेत तर पोहे चकचकीत झाकणाच्या भांड्यात, खाली मेणाची ज्योत लावून, तीन तास वाट पाहत बसतात. वरचे कोरडे, तळाचे गच्च. ठेलेवालाही पोह्यांचं पातेलं वाफेवर ठेवतो, पण त्याचं पातेलं अर्ध्या-पाऊण तासात रिकामं होतं. म्हणून माझं म्हणणं आहे की नाश्त्यात दर आणि चव यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि असलाच तर तो बऱ्याचदा उलटा आहे. महाराष्ट्रातल्या नाश्त्याच्या नावाजलेल्या जागा आठवून पाहा. दादरचं मामा काणे १९१० साली सुरू झालं, तिथल्या बटाटेवड्याचा लौकिक झुंबरांमुळे झालेला नाही. त्याच दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला, तोही पुढ्यात आलेल्या साध्या वाटीतल्या तर्रीच्या जोरावर.

एक आक्षेप मात्र चतुर आहे. महागातलं खाल्लं की चवीलाच ते बरं लागतं, मग त्या आनंदाला खोटं कसं म्हणायचं? याला संशोधनाचा आधारही आहे. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना तीच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून पाजली. ९० डॉलरची म्हटल्यावर ती अधिक आवडली, आणि मेंदूच्या चाचणीतही आनंदाशी जोडलेला भाग अधिक सक्रिय दिसला. म्हणजे लोक नाटक करत नव्हते. पण त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, किंमत न सांगता सहा हजारांवर वेळा वाइन चाखवल्या गेल्या, तेव्हा सामान्य माणसांना महाग वाइन अधिक आवडल्याचं दिसलं नाही, उलट किंचित कमीच आवडली. दोन्ही एकत्र ठेवले की अर्थ असा निघतो: महागातली ही जादा चव किमतीच्या पाटीतून येते, पातेल्यातून येत नाही. लग्नाचा वाढदिवस असेल, मुलीचा निकाल लागला असेल, तर ती पाटी विकत घ्यायला हरकत काय? शालू नेसून कोणी उबेचा हिशेब करत नाही. फक्त आपण पाटी विकत घेतो आहोत, हे घेताना ठाऊक असावं. आणि सकाळी आठला, अर्धवट झोपेत, समोर तीनशे किलोमीटरचा रस्ता असताना त्या पाटीचं सुख कितीसं लागतं, हेही स्वतःशी विचारावं.

परवडतं तो खाईल, हिशेब कशाला मांडायचा, असंही म्हटलं जातं. पण ‘महाग’ हा शब्द कुठे उभं राहून उच्चारला, यावर त्याचं वजन ठरतं. बुलढाणा हा सोयाबीन-कपाशीचा जिल्हा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये, आणि बाजारात तो मिळतोच असं नाही. चौघांच्या कुटुंबाने माणशी तीनशेचा नाश्ता केला तर बाराशे रुपये होतात, म्हणजे हमीभावाने धरलं तरी बावीस-तेवीस किलो सोयाबीन. महाराष्ट्रात २०२५-२६ चा रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे त्यातला एकेक नाश्ता एकेका दिवसाच्या मजुरीइतका. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता. दिवसाला एकशे सदतीस, त्यात खाणं, कपडा, औषध, मोबाइल सगळं आलं. हे सांगून कोणाच्या घासात खडा टाकायचा नाही. त्याच पाहणीत असंही दिसतं की खाण्यावरच्या खर्चात पेयं, फराळ आणि तयार पदार्थ यांचा वाटा गावातसुद्धा सर्वांत मोठा झाला आहे. बाहेरचा नाश्ता हा शहरी चोचला राहिलेला नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा आणि ठेचा यांच्या जागी आता स्टँडवरचा बोंडा आला आहे. म्हणून तर हा प्रश्न श्रीमंतांपुरता सोडून देता येत नाही.

आता खुर्चीकडे येऊ, कारण लूट म्हणणाऱ्यांचं इथे चुकतं. बुलढाणा शहर जिल्ह्याचं ठिकाण असूनही तिथे रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशनं उत्तरेकडे एका ओळीत, खामगावला जलंबहून एक फाटा, आणि उरलेला निम्मा जिल्हा एसटीच्या आणि खासगी गाड्यांच्या भरवशावर. लोणारचं सरोवर, सिंदखेडराजाचं जिजाऊंचं जन्मस्थान आणि शेगावचं मंदिर पाहायला येणारा माणूस रस्त्यावर चार-सहा तास काढून आलेला असतो. त्याला, आणि तिला तर त्याहून अधिक, सकाळी पोह्यांच्या आधी एक गोष्ट हवी असते. ती म्हणजे कडी लागणारं दार, नळाला पाणी आणि पाय ठेवावासा वाटेल असं स्वच्छतागृह. ठेल्यावर ते नसतं. स्टँडवर असतं, पण तिथे जायला धीर लागतो. गुडघे धरलेल्या आजीला बाकावर अवघडून बसता येत नाही, तान्ह्या बाळाच्या आईला आडोसा लागतो, मधुमेहाच्या माणसाला इंजेक्शन घ्यायला पाच मिनिटं शांत जागा लागते. काचेच्या दारामागची शंभर रुपयांची प्लेट ही या सगळ्याची पावती असते. हिशेबाने बोलायचं तर प्लेट वीसचीच आहे, वरचे ऐंशी संडासाचे, खुर्चीचे आणि पंख्याखालच्या वीस मिनिटांचे. जिला त्यांची गरज आहे तिच्यासाठी ते पैसे वाया गेलेले नाहीत. घरातला जो पुरुष ‘बाहेर उभ्याने खाऊन घेऊ’ म्हणतो, त्याचा काटकसरीपणा बऱ्याचदा दुसऱ्याच्या गैरसोयीवर चालतो.

हे गणित समृद्धी महामार्गाने अधिक स्पष्ट केलं. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि मेहकर-सिंदखेडराजाच्या बाजूने मुंबई-नागपूरची वाहतूक जाऊ लागली. पण हा रस्ता बंदिस्त आहे. इंटरचेंज आल्याशिवाय उतरता येत नाही, कडेला टपरी टाकता येत नाही, आणि सुरुवातीच्या काळात तर खाण्या-थांबण्याच्या सोयी फारच तुटपुंज्या होत्या. मलकापूर-नांदुरा-खामगावच्या जुन्या हमरस्त्यावर एक ढाबा महाग वाटला तर पुढचा पाहता येतो. बंदिस्त रस्त्यावर गिऱ्हाईक जागेला बांधलेलं असतं, आणि बांधलेल्या गिऱ्हाइकाला दर विचारायची सोय नसते. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलेला एक प्रयोग इथे आठवतो. समुद्रकिनाऱ्यावर पडलेल्या माणसाला विचारलं की मित्र बिअर आणायला निघाला आहे, किती पैसे देशील? आलिशान हॉटेलातून आणणार म्हटल्यावर लोकांनी जास्त रक्कम सांगितली, जुनाट किराणा दुकानातून म्हटल्यावर बरीच कमी. बाटली तीच आणि प्यायची जागाही तीच. आपल्याकडच्या सर्वोच्च न्यायालयानेही १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावण्याची मुभा हॉटेलांना दिली. हॉटेलात माणूस नुसती पाण्याची बाटली घ्यायला जात नाही, तिथल्या जागेचा आणि सेवेचा उपभोग घेतो, असा त्यामागचा विचार. म्हणजे खुर्चीचे पैसे कायद्यालाही मान्य आहेत. पण मग खुर्ची खरोखर चांगली हवी. एसी चालू, सोफा मऊ आणि स्वच्छतागृहात साबण नाही, अशा ठिकाणी सव्वाशे देणं ही फसवणूकच.

स्वच्छतेला पैसे पडतातच, हे म्हणणं मात्र जसंच्या तसं स्वीकारता येत नाही, आणि त्याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. शेगावचं गजानन महाराज संस्थान रोज महाप्रसाद देतं, भक्तनिवासात माफक दराने राहायची सोय करतं, आणि लाखोंची गर्दी होऊनही तिथल्या फरशीवर कागदाचा तुकडा दिसत नाही, ही ख्याती महाराष्ट्रभर आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी महाराज गावात प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, अशी कथा आहे. त्या गावात अन्न वाया जाऊ न देण्याला आणि खाणाऱ्याचा मान राखण्याला वेगळंच वजन असणं साहजिक म्हणायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये निधन पावलेले शिवशंकरभाऊ पाटील यांनी संस्थानच्या कारभाराला जी शिस्त लावली, तिचा दाखला व्यवस्थापनाचे विद्यार्थीही देतात. अर्थात इथे लगेच उत्तर येईल की संस्थानात सेवेकरी विनामोबदला राबतात, हॉटेलवाल्याला पगार द्यावा लागतो. बरोबर आहे. तरी एवढं तरी सिद्ध होतं की स्वच्छता ही झाडूची, पाण्याची आणि देखरेखीची गोष्ट आहे, इटालियन फरशीची नाही. मध्यम दराच्या हॉटेलालाही ती जमू शकते. जमवली जात नाही, आणि एसटी स्टँडवर तर कोणी जबाबदारीच घेत नाही, म्हणून तिची टंचाई होते. टंचाई झाली की तिला भाव येतो. तो भाव आपण नाश्त्याच्या बिलात भरतो.

खाण्याच्या स्वच्छतेचं काय? घाबरणाऱ्यांचं सगळंच चूक नाही. ठेल्याचं दुखणं पाण्यात आहे. बादलीत बुडवून काढलेल्या प्लेटा, उघडी चटणी, पिंपातलं पाणी, आजार येतो तो इथून. कढईतून नुकत्याच निघालेल्या कचोरीतून येण्याची शक्यता फार कमी, कारण उकळतं तेल जंतूंना दया दाखवत नाही. तेल स्वतः मात्र दोषी असू शकतं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे घातक घटक साठतात, त्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्के ठरवली आणि १ जुलै २०१८ पासून ती लागू झाली. हा नियम टपरीला आहे तसाच एसी हॉटेलालाही आहे. फरक इतकाच की टपरीची कढई रस्त्यावर असते. काळं पडलेलं, फेस धरलेलं तेल डोळ्यांना दिसतं. महागड्या हॉटेलची कढई दाराआड असते, आणि ‘प्रवेश निषिद्ध’च्या पलीकडे काय चाललं आहे हे अन्न निरीक्षक आला तरच कळायचं. वर्तमानपत्राच्या रद्दीत बांधून दिलेली कचोरी मात्र नाकारावी. शाई अन्नात उतरते आणि त्याला नियमानेही मनाई आहे.

सगळ्यांत खरा आक्षेप उरतो तो मजुरीचा. स्वस्त नाश्ता स्वस्त असतो कारण जागेचं भाडं नाही, बायको पहाटे चारला कांदा चिरते तिचा पगार नाही, आणि कधीकधी कपबशा विसळणारं पोरगं शाळेत असायला हवं होतं. चौदा वर्षांखालच्या मुलांना ढाब्यांत-हॉटेलांत कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, तरी ती मुलं दिसतात. या बाजूने पाहिलं तर वीस रुपयांचा दर कुणाच्या तरी अंगावर निघालेला असतो. पण म्हणून सव्वाशे दिल्याने तो फरक त्या पोराला किंवा वेटरला मिळतो, असं नाही. तो जातो भाड्याला, विजेला, सजावटीला. हॉटेलला ५ टक्के जीएसटीच्या बदल्यात स्वतः भरलेल्या करांची वजावट मिळत नाही, त्यामुळे फर्निचरवरचा करही शेवटी पोह्यांतच मुरतो. मजुरीची काळजी असेल तर ठेलेवाल्याने पाच रुपये वाढवले तेव्हा कुरकुर न करणं हा जास्त सरळ मार्ग आहे.

तेव्हा पैसे वसूल होतात का? खाण्यासाठी म्हणून विचाराल तर नाही. जिथे गर्दी हटत नाही, पदार्थ चारच आहेत आणि घाण्यामागून घाणा निघतो, तिथेच खा. शेगावात उतरलात तर कचोरी गरम आहे का, एवढं विचारून घ्या. बसण्यासाठी, निवांतपणासाठी, सोबतच्या बाईमाणसांच्या आणि म्हाताऱ्यांच्या सोयीसाठी विचाराल तर हो, खुशाल द्या. पण आधी स्वच्छतागृह पाहून या, मग ऑर्डर द्या, आणि ऑर्डर साधी ठेवा. बिलावर ५ टक्के जीएसटी दिसेल तो द्यावाच लागतो. त्याखाली सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर तो देणं सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलं आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं आहे. तो काढायला सांगा.